आक्काची बुरशी

ज्योतीत लाल झालेली तार निवली की नाही, हे धाकटी कानाने ओळखायची. तार काचेच्या नळीतल्या बुरशीच्या खाद्याच्या कडेला टेकवली आणि चर्र आवाज झाला, तर थांबायचं. आवाज झाला नाही, तर बुरशीचं एक टोक हलकेच उचलायचं, नव्या नळीत नेऊन ठेवायचं, कापसाचं बूच ज्योतीवरून फिरवून घट्ट बसवायचं. काम एवढंच. पण त्याला हात साफ लागतो आणि जीव शांत लागतो. या दोन्ही गोष्टी धाकटीपाशी होत्या. तिच्या नळीत परकं काही उगवलं, असं कधी झालं नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. मान ताठ ठेवून चालण्याइतकं ठाऊक होतं.

ती प्रयोगशाळेत लागली होती ती काचा धुवायला. शिकवलं कुणी नव्हतं. भांडी पुसता पुसता ती उभी राहून बघायची. एकदा कुणाला घाई होती, तेव्हा त्याने तार तिच्या हातात दिली, आणि ती पुन्हा कधी परत मागितली नाही. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. घरी ती धाकटीच होती, केस पिकले तरी.

त्या प्रयोगशाळेत नायट्याच्या बुरशीचा अभ्यास चाले. नायटा म्हणजे लोकांच्या लेखी हसण्यावारी न्यायची गोष्ट. त्याने माणूस मरत नाही, म्हणून त्याची कुणाला दया येत नाही. पण ज्याच्या अंगावर तो मुक्काम ठोकतो, त्याची झोप जाते, मग लाज जाते, आणि शेवटी चार माणसांतली जागा जाते. अलीकडे नायटा औषधालाही जुमानेना. म्हणून सरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, वेगळाच मार्ग धरला होता. बुरशीच्या पेशीत हजारो जनुकं असतात. त्यातलं नेमकं एक कापून काढायचं आणि बघायचं, की बुरशीचं काय अडतं. जिच्यावाचून तिला कातडी खाताच येणार नाही अशी एखादी नस सापडली, तर औषधाने तीच आवळायची. कापायला कात्री होती. दिसणारी नव्हे, प्रथिनाची. ती कुठे चालवायची ते सांगायला खुणेचा एक बारीकसा धागा सोबत पाठवत. हे सगळं बुरशीच्या जाड कवचातून आत घुसवणं हेच महाकर्मकठीण. त्यात वर्षं गेली.

आणि ज्या बुरशीवर हे सगळं चाललं होतं, ती आक्काच्या कमरेवरची होती.

आक्का म्हणजे धाकटीची थोरली बहीण. आई गेल्यावर हिला आंघोळ घालणारी, हिची वेणी घालणारी, हिच्या वाटचा मार खाणारी. ती कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीच्या खोलीत काम करायची. दिवसभर वाफ, दिवसभर घाम, कमरेला ओलसर पट्टा आवळलेला. तिथूनच ते लागलं. आधी रुपयाएवढं, मग बशीएवढं, मग कमरेभोवती सगळं रिंगण. गोळ्या घेतल्या की फिकं पडायचं, थांबवल्या की दुप्पट जोराने यायचं. धाकटीनेच तिला सरांकडे नेलं होतं. सरांनी पात्याच्या बोथट बाजूने कमरेवरचा कोंडा काळ्या कागदावर खरवडून घेतला आणि पुडी बांधली.

"यातनंच तुझं औषध निघणार बघ," धाकटी तेव्हा म्हणाली होती.

"निघू दे बाई. माझ्याच अंगावरचं माझ्याच कामी येऊ दे. एवढी वर्षं फुकट पोसलंय मी त्याला."

आक्काची जीभ अशी होती. पण त्या जिभेखाली काय होतं, ते धाकटीला दिसायचं. आक्का मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. तिचा टॉवेल वेगळा, बादली वेगळी, बसायची चटई वेगळी. सून वाईट नव्हती. चहा वेळेवर द्यायची, औषधाची आठवण करायची, आवाज कधी चढवायची नाही. पण नात झाली आणि सुनेने एकच गोष्ट सांगितली, तीही हात जोडून: "आई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत बाळाला घेऊ नका." झालं. नात रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहिली, आणि हे सगळं आक्काने दाराच्या चौकटीतून पाहिलं. बाळ दोन हातांवर असूनही लांब.

धाकटी भेटायला गेली की आक्का विचारायची, "काय म्हणते माझी लेक? त्या तुझ्या नळीतली?"

"मजेत आहे. तुझ्यापेक्षा गोरी झाली आहे."

"होणारच. तिला सावलीत बसून खायला मिळतंय. माझ्यासारखं इस्त्रीपुढे उभं राहावं लागत नाही."

दोघी हसायच्या. आणि ते खरंच होतं. आक्काच्या पुडीतून पहिल्यांदा जे उगवलं होतं, ते काही देखणं नव्हतं. मळकट, पिठासारखं भुरभुरीत, कडेला पिवळट. धाकटीच्या हाताखाली ते हळूहळू पालटत गेलं. दर खेपेला नळी बदलताना ती त्यातलं सगळ्यात चांगलं टोक निवडायची: पांढरं, मऊ, दाट. बियाण्याला टपोरा दाणा राखावा तसं. भुरभुरीत भाग ती तसाच सोडून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. होता होता नळ्यांत नुसता पिंजलेला कापूस दिसायला लागला.

मग एका उन्हाळ्यात वीज गेली आणि फ्रीझर बंद पडला. पहिल्या दिवसापासून गोठवून ठेवलेल्या बुरशीच्या कुप्या वितळल्या, उबल्या आणि मेल्या. सर डोक्याला हात लावून बसले. तेव्हा धाकटीने कपाटातला आपला नळ्यांचा जाळीदार डबा आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. एकूण एक नळी जिवंत. कापूस फुललेला.

"मावशी, तुम्ही प्रयोगशाळा वाचवलीत," सर सगळ्यांदेखत म्हणाले.

धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच नळ्यांतून नव्या कुप्या भरून गोठवल्या. बुरशी वाढवलेल्या एका काचेच्या प्लेटचा मोठा फोटो काढून येण्याजाण्याच्या वाटेवर लावला. पाहुणे आले की सर त्यापाशी थांबत. "ही आमची मूळ बुरशी. इतकी स्वच्छ वाढ तुम्हाला कुठे बघायला मिळणार नाही." धाकटी मागे भांडी पुसत असायची आणि मान खाली घालून सगळं ऐकायची.

एक छोट्या मॅडम तेवढ्या कुरकुर करायच्या. त्या नव्यानेच आल्या होत्या आणि कात्री आत घुसवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "मावशी, हिला बीजाणूच येत नाहीत हो. नुसते धागे. मी बीजाणू कुठून आणू?"

"आता बुरशीनं काय काय द्यायचं, मॅडम? एवढी सुंदर वाढली आहे."

"सुंदर आहे हो. पण मला लग्नाला उभी करायची नाही ना तिला."

धाकटीला ते झोंबलं. ती दोन दिवस छोट्या मॅडमशी कामापुरतंच बोलली. मॅडमनीही मग नाद सोडला आणि धाग्यांवरच काम भागवलं.

शेवटी कात्री चालली. एक जनुक नेमकं कापलं गेलं. मग परीक्षा होती केसांची, कारण केसही कातडीच्याच प्रथिनाचा. उकळून शुद्ध केलेले केसांचे तुकडे पाण्यात टाकायचे आणि त्यांवर बुरशी सोडायची. खरी खाष्ट बुरशी केसाला आडव्या खाचा पाडते, बारीक करवतीने पाडाव्यात तशा. जनुक काढलेल्या बुरशीने एकही खाच पाडली नाही. केस गुळगुळीत, धडधाकट. ते बघून छोट्या मॅडम खुर्चीवरून उठून नाचल्याच.

"शेजारी मूळ बुरशीही लावू का, सर?" त्यांनी विचारलं. "तुलना म्हणून?"

"मूळ बुरशी केस पोखरते हे पहिल्याच वर्षी सिद्ध झालंय. फोटो आहेत आपल्याकडे. वेळ घालवू नका. लिहायला घ्या."

त्या संध्याकाळी धाकटी घरी न जाता थेट आक्काकडे गेली. गल्लीतून जाताना तिची पावलं जमिनीला लागत नव्हती.

"आक्का, सापडलं गं! ज्याच्या जोरावर ती कातडी खाते ना, तेच सापडलं. काढलं की खातच नाही."

आक्का मागच्या खोलीत नव्हती. पुढच्या खोलीत बसली होती, आणि मांडीवर नात होती.

"हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा," आक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते धाकटीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "बघ, मी बरी झाले. तुझ्या औषधाची वाट बघत बसले असते तर ही सासरी गेली असती. नाक्यावरच्या दुकानदाराने मलम दिलं. खाज गेली, लाली गेली. सुनेनं स्वतः बघितलं माझं अंग, आणि स्वतःच्या हातानं पोर मांडीवर ठेवली."

धाकटीने ट्यूब हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. असल्या मलमांना सर रोज शिव्या घालत. तीन औषधांची खिचडी. त्यातलं एक लाली झाकतं, खाज झोपवतं, आणि आत बुरशीला मोकळं रान देतं. वरून बरं दिसतं, आत ती पसरतच असते. हे धाकटीने इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतही तिने सांगितलं असतं.

पण नात झोपेत ओठ हलवत होती आणि आक्का तिच्या कपाळावरून बोट फिरवत होती. धाकटीने ट्यूब होती तिथे ठेवून दिली.

"बरं झालं," ती म्हणाली.

प्रयोगशाळेचं लिखाण बाहेर तपासायला गेलं होतं, ते परत आलं. तपासणाऱ्यांचं एकच म्हणणं होतं: जुने फोटो चालणार नाहीत, मूळ बुरशी आणि कापलेली बुरशी एकाच वेळी, शेजारी शेजारी लावून दाखवा. छोट्या मॅडमनी तसं केलं. मुदत भरल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही. मग सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं. मग त्यांनी मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

मूळ बुरशीनेही केसाला खाच पाडली नव्हती. कापलेली आणि न कापलेली, दोघी सारख्याच आळशी. म्हणजे जनुक काढल्याने काहीच झालं नव्हतं. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

"मावशी," सर म्हणाले, "नळी बदलताना कुठलं टोक उचलायचात तुम्ही?"

"चांगलं असेल ते, सर."

"चांगलं म्हणजे?"

"पांढरं. मऊ."

सर खुर्चीत मागे टेकले. छोट्या मॅडमनी मग धाकटीला समजावून सांगितलं, तेही हळू आवाजात, जसं आजाऱ्याला सांगतात. आयतं गोड खाद्य मिळालं की ही बुरशी बदलायला लागते. जिला भुकेने कातडी खावी लागते, ती भुरभुरीत, बीजाणूंची. जी बसून खाते, ती पांढरी, वांझ. दोन्ही एकाच नळीत असतात. त्यातली पांढरीच दर वेळी उचलत गेलं, तर शेवटी तीच उरते. आणि फ्रीझर बंद पडल्यावर कुप्यांत गोठवली तीही तीच.

"तुमची चूक नाही, मावशी," सर म्हणाले. "आम्ही बघायला हवं होतं." त्यांनी ते इतक्या चांगल्या शब्दांत म्हटलं, की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी धाकटीला बरं वाटलं असतं. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुमची बहीण... आहे ना अजून?"

"आहे."

"नायटा?"

धाकटीने टेबलावरचा नळ्यांचा डबा उगाच सरळ केला.

"असेल तर पुन्हा खरवडून घेऊ. मलमबिलम काही लावत असतील, तर काही आठवडे बंद करायला सांगा. अंगावर पूर्ण फुलू दे. नाहीतर हाती काही लागणार नाही."

आक्काच्या घराची पायरी धाकटीला त्या दिवशी डोंगराएवढी वाटली. भाचा कामावर होता, सून स्वयंपाकघरात. आक्का नातीला घेऊन खिडकीपाशी बसली होती. धाकटीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. आक्का ऐकत राहिली. मधे एकदाच नातीच्या तोंडातला पदर काढून घेतला.

"म्हणजे एवढी वर्षं," आक्का शेवटी म्हणाली, "तू गोरीगोरी तेवढी निवडत बसलीस. जी माझं अंग खात होती, तिला टाकून दिलंस."

"आक्का, मला काय माहीत..."

"नाही, तुला कुठलं माहीत! तुला शाबासकी माहीत. आणि आता मी मलम बंद करायचं. परत सगळं अंगावर फुलवायचं. परत मागच्या खोलीत जायचं. तुझ्या नळीसाठी!"

"नळीसाठी नाही गं. त्या मलमानं तू बरी झालेली नाहीस. ते आत आहेच."

"कधीपासून माहीत आहे तुला हे?"

धाकटीची नजर खिडकीत ठेवलेल्या ट्यूबकडे गेली.

"ट्यूब हातात घेतली होतीस ना त्या दिवशी? बरं झालं म्हणालीस," आक्का म्हणाली. "मग आज का तोंड उघडलंस? आज तुझं अडलं म्हणून?"

धाकटीला रडू येऊ लागलं. ते लपवायला तिने उगाचच नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात थांबला. कानाच्या मागे, विरळ जावळात, एक गोल. कडेला किंचित वर आलेला, मधे कोंडा, आणि त्यावरचे केस मुळाशी तुटलेले. बोटाच्या पेरानेही तिला ते कळलं असतं. आयुष्यभर दुसरं पाहिलं होतं काय तिने?

आक्कानेही पाहिलं. कदाचित आधीच पाहिलं असावं, कारण ती दचकली नाही. तिने फक्त नातीचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं.

"कोंडा आहे," ती म्हणाली. "तेल लावते मी रोज. जाईल."

"आक्का."

"तू बोलू नकोस. एवढं एक ऐक माझं, धाकटे. मी तुला लहानाची मोठी केली. सुनेला सांगू नकोस. मी मलम लावीन तिलाही, थोडंसं."

तोवर मलमाची गोष्ट आक्कापुरती होती. आता त्या ट्यूबचं तोंड बाळाच्या डोक्याकडे वळलं होतं. डोक्यातला नायटा वरवरच्या लेपाने जात नाही, पोटात औषध द्यावं लागतं. झाकून ठेवला तर केसांची मुळं कायमची जातात. धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "सूनबाई, हात पुसून जरा इकडे ये."

सुनेने आरडाओरड केली नाही. गोल पाहिला, सासूकडे पाहिलं, आणि बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. आक्काचे हात तसेच राहिले, मांडीवर, उघडे.

"मावशी, डॉक्टरकडे नेऊ ना?" सुनेने बाळाला खांद्याशी धरत विचारलं.

"आत्ताच ने. पण त्याआधी..." धाकटीने पिशवीतून काळा कागद काढला. आक्कासाठी आणला होता तो. "थोडं खरवडून घेऊ दे. कुठलं औषध लागू पडतं, तेही त्यातनं कळेल."

हे खोटं नव्हतं. पण नुसतं तेवढंच खरंही नव्हतं, आणि खोलीतल्या तिघींनाही ते कळलं.

"घे," आक्का भिंतीकडे बघत म्हणाली. "घे, घे. कोवळ्या कातडीवरची आहे. छान उगवेल."

छान उगवली. मळकट, पिठूळ, भुरभुरीत, कडेला पिवळट. छोट्या मॅडमना बीजाणू इतके मिळाले, की त्या मोजायच्या थांबल्या. केसाला तिने खाचा पाडल्या, खोल खोल. सर प्लेट उजेडात धरून म्हणाले, "काय ताकद आहे! कुणाची म्हणालात?"

"घरातलीच आहे, सर."

त्यांनी पुढे विचारलं नाही. आता नळी बदलताना छोट्या मॅडम शेजारी उभ्या राहत आणि कुठलं टोक उचलायचं ते बोटाने दाखवत. धाकटी ते उचलायची. वाटेवरचा पांढरा फोटो कुणी काढला नाही. पाहुणे आले की अजूनही तिथे थांबत.

नातीला औषध सुरू झालं. कोणतं लागू पडेल हे त्या खरवडीतूनच कळलं, आणि गोल मावळत गेला. पण तो पूर्ण मावळायच्या आधीच सून बाळाला घेऊन माहेरी गेली. मग भाचाही तिकडूनच कामावर जाऊ लागला. भांडण असं झालंच नाही. "थोडे दिवस," म्हणाले. महिनाअखेरीला भाचा येऊन आईसाठी सामान टाकून जायचा, आणि उंबऱ्यातूनच वळायचा.

कितीतरी दिवसांनी धाकटी आक्काकडे गेली. दार उघडंच होतं. आक्का पुढच्या खोलीत मुलाच्या आरामखुर्चीत मागे रेलून बसली होती. मलम तिने कधीच बंद केलं होतं. नायटा कमरेवरून वर चढला होता, मानेपर्यंत आला होता, लालभडक, कडा फुललेल्या. ती सावकाश, निवांत खाजवत होती.

"ये," आक्का म्हणाली. "लाजू नकोस. आता इथं कुणी अडवायला नाही. बस कुठंही."

धाकटी समोर बसली.

"तुझ्या सरांना हवं होतं ना फुललेलं?" आक्काने कमरेवरचा कपडा बाजूला केला. "बघ, फुलवलंय. आण तुझा काळा कागद. घे हवं तेवढं."

धाकटीने खाली पाहिलं. तिच्या पिशवीत कागद नव्हता.

"आता नको, आक्का," ती म्हणाली. "आता मिळालंय."